नवं क्रीम कोणतं घेऊ? आधी जुनी ट्यूब उलटी करून वाचा

प्रश्न: मी ३६ वर्षांची आहे. राहायला मुलुंड, नोकरी फोर्टला. कॉलेजात असताना चेहऱ्यावर कधी पुटकुळी आली नाही आणि आता दोन वर्षं झाली, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखऱ्या पुटकुळ्या येतात. त्या बसल्या की काळे डाग राहतात. गाल मात्र कोरडे, काहीही लावलं की चुरचुरतात, लाल होतात. माझ्याकडे सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, ग्लायकोलिक टोनर, नायसिनमाइड आणि व्हिटॅमिन सीचं सीरम, रेटिनॉलचं नाइट क्रीम एवढं आहे. रविवारी मुलतानी मातीचा पॅक लावते. मध्ये मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती. ती लावली की दोन दिवसांत चेहरा साफ होतो, सोडली की दुपटीने येतं, म्हणून सहा महिने अधूनमधून लावतेच आहे. सासूबाई म्हणतात हे सगळं फेकून दे, बेसन-हळद-लिंबू लाव. नणंदेचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. पाण्याचा दोष असेल का? आणि 'सेन्सिटिव्ह स्किन' लिहिलेलं नेमकं कोणतं क्रीम घेऊ?
वैतागलेली, मुलुंड

उत्तर:

क्रीमचं नंतर बघू. तुम्ही जाता जाता एका ओळीत उरकलेली ती ट्यूब आहे ना, माझी नजर तिथेच अडली. 'लावली की साफ, सोडली की दुपटीने' हे वाक्य त्वचारोगाच्या ओपीडीत जवळजवळ याच शब्दांत रोज ऐकू येतं. तेव्हा आधी ती ट्यूब हातात घ्या आणि उलटी करा. अक्षर मुंगीएवढं असतं, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. बऱ्याचदा ते एकटं नसतं. डागांची म्हणून मिळते त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन सोबत असतं, खाजेची म्हणून मिळते तिच्यात बुरशीचं आणि जंतूंचं औषध. कडेला उभी लाल रेघ आणि 'आरएक्स' (Rx) अशी खूण असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा त्याचा अर्थ.

स्टेरॉइड मलम वाईट असतं असं नाही. एक्झिमात, सोरायसिसमध्ये आम्हीच लिहून देतो. पण कुठे, किती आणि किती दिवस हे ठरवून देतो. चेहऱ्याची कातडी तळहातासारखी जाड नसते, तिथे हे औषध भराभर आत शिरतं. ते सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून दोन दिवसांत लाली गायब होते आणि आपल्याला वाटतं गुण आला. तेवढ्या वेळात आतून कातडी पातळ होत जाते. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, एकाच साच्यातून काढल्यासारख्या पुटकुळ्या उठतात, काहींना लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. ट्यूब थांबवली की दाबून ठेवलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा फुलतात, चेहरा पेटल्यासारखा होतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतो. आपल्या देशात हे इतकं सर्रास आहे की डॉक्टरांच्या लिखाणात त्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' (वरून लावलेल्या स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा) असं स्वतंत्र नावच पडलंय. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत टाकली. तरी काउंटरवर 'पुरळ आलंय, काहीतरी द्या हो' म्हटलं की कोणती ट्यूब पुढे सरकते, ते तुम्ही बघितलंच आहे.

तुमच्या ट्यूबमध्ये ते निघालं, तर रागाच्या भरात ती कचऱ्यात टाकून त्याच रात्री नवं काही सुरू करू नका. सहा महिन्यांची सवय आहे. एकदम थांबवायचं, की मधलं सौम्य औषध देऊन हळूहळू उतरवायचं, हे चेहरा बघून त्वचारोगतज्ज्ञाने ठरवायचं असतं. थांबवल्यावरचे पहिले काही आठवडे वाईट जातील, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो. लाली, आग, पुटकुळ्या सगळं एकदम वर येईल. पूर्ण निवळायला कधी कधी काही महिने लागतात. त्या काळात आरशापेक्षा दर रविवारी एकाच उजेडात काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवा, कारण रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

आणि ट्यूबऐवजी ती बिननावाची डबी असेल, पार्लरमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली, जिच्यावर घटकही नाहीत आणि कंपनीचा पत्ताही नाही, तर तिचं बोटही चेहऱ्याला लावू नका. गोरं करणाऱ्या असल्या क्रीममध्ये पारा सापडतो. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये अशी क्रीमं वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचा आजार नोंदवला. प्रकरण चेहऱ्यावर थांबत नाही.

आता तुमच्या कपाटाकडे. सॅलिसिलिक, ग्लायकोलिक, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल. एकेकटं घेतलं तर यातलं काहीच चूक नाही. पण सकाळी दोन आणि रात्री दोन अशी ॲसिडं आणि रेटिनॉल एकाच चेहऱ्यावर, वरून रविवारी मुलतानी माती, म्हणजे गाल चुरचुरणारच. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचा गिलावा असतो. तो निघाला की आतलं पाणी उडतं आणि बाहेरचं काहीही आत जाऊन झोंबतं. साधं मॉइश्चरायझरसुद्धा! अशा वेळी बायका म्हणतात, 'माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे.' अनेकींची जन्माची तशी नसते, झालेली असते. तुम्हीच लिहिलंय, कॉलेजात काही नव्हतं.

म्हणून चार आठवडे कपाटातलं हे सगळं बंद. सौम्य क्लीन्झर, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, एवढंच. टाकायला जीव होत नाही हे मला कळतं, त्या सीरमच्या किमती मलाही माहीत आहेत. टाकू नका, डब्यात घालून वर ठेवून द्या. फक्त व्हिटॅमिन सीची बाटली उजेडात धरून बघा. चहासारखी तपकिरी झाली असेल तर ते ऑक्सिडाइझ झालंय, ती तेवढी टाका.

बेसन-हळद-लिंबाचं काय? लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) दोन-तीनच्या आसपास, आपल्या त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५. आधीच सोललेल्या गालावर लिंबू म्हणजे जखमेवर मीठच. शिवाय लिंबाचा रस राहिलेल्या जागी ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. सुकलेलं बेसन चोळून काढताना ओरखडे येतात ते वेगळंच. सासूबाईंना डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून सांगा, माझं नाव खुशाल पुढे करा. खायचा सोडा, टूथपेस्ट, कच्चा लसूण हेही त्याच यादीत.

क्लीन्झर घेताना तो साबण नको. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो. मेडिकलमध्ये 'सोप-फ्री' किंवा 'सिंडेट' मागा, वडी किंवा लोशन काहीही चालेल. फेस कमी येतो, चेहरा 'चकचकीत धुतल्यासारखा' वाटत नाही, म्हणून लोक पहिल्या आठवड्यात तो सोडून देतात. तसंच वाटायला हवं. धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी झाली, तर तो क्लीन्झर तुमचा नव्हे. दिवसातून दोनदा पुरे. मुलुंड ते सीएसएमटी गर्दीत उभं राहून घाम येतो हे मान्य, पण तेवढ्यासाठी ऑफिसात पोचल्यावर पुन्हा फेसवॉश नको. साध्या पाण्याने धुवा आणि टिपून घ्या. ओढणीने किंवा पर्समधल्या कालच्या रुमालाने खसाखसा पुसू नका. निम्म्या जणींच्या जबड्याच्या कडेला होणारा त्रास या पुसण्याने वाढतो, असं माझं मत झालंय.

मॉइश्चरायझर निवडणं म्हणजे खरं तर बाटलीची मागची बाजू वाचणं. पुढच्या बाजूला जे लिहितात, 'सेन्सिटिव्ह स्किनसाठी', 'हायपोअलर्जेनिक', 'डर्मॅटोलॉजिस्ट टेस्टेड', त्यावर पैसे मोजू नका. हायपोअलर्जेनिक या शब्दाला ठरलेलं मानक नाही, हे अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकानेही स्पष्ट केलंय. त्याचा अर्थ कंपनी ठरवेल तो. मागे घटकांची यादी असते, जास्त प्रमाणातले आधी. त्यात ग्लिसरीन, सेरामाइड, डायमेथिकोन, पेट्रोलॅटम अशी नावं असतील तर चांगलं. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' दिसलं की बाटली परत ठेवा. लिमोनीन, लिनालूल हीसुद्धा सुगंधाचीच नावं आहेत. 'अनसेंटेड' या शब्दाने फसू नका, कधी कधी मूळ वास झाकायला त्यातही सुगंध घातलेला असतो, 'फ्रॅग्रन्स-फ्री' हवं. आणि 'नॅचरल' पाहून विरघळू नका. टी ट्री, लव्हेंडर, संत्र्याच्या सालीचं तेल हे सगळं नैसर्गिकच आहे आणि ॲलर्जी देण्यात कुणाला ऐकत नाही. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे जिभेला न पेलणारं प्रिझर्व्हेटिव्हही टाळा, खास करून ज्यांना आधी ॲलर्जी झालीय त्यांनी.

मुंबईत बाराही महिने एकच क्रीम चालत नाही. जूनपासून हवेतच इतकी ओल असते की घट्ट क्रीम चेहऱ्यावर तरंगतं, तेव्हा जेल किंवा पातळ लोशन घ्या. पण ऑफिसात तुम्ही आठ-नऊ तास एसीत बसत असाल, आणि एसीची हवा कोरडी. एकाच बाईची हनुवटी तेलकट आणि गाल सुके असण्यात याचाही वाटा आहे. गालांना थोडं जास्त, हनुवटीला नावापुरतं, असं हात राखून लावलं तर चालतं. दोन वेगळ्या बाटल्या घ्यायची गरज नाही.

कोणतीही नवी वस्तू थेट तोंडाला फासायची नाही, हा नियम तुमच्यासाठी यापुढे कायमचा. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा ठरवा, रोज दोनदा तिथेच लावा, निदान आठवडाभर. अनेक जणी हातावर एकदा लावतात, दहा मिनिटं बघतात आणि 'काही झालं नाही' म्हणतात. खरी ॲलर्जी बहुधा दोन-चार दिवसांनी उठते, दहा मिनिटांत नाही. तिथे काही झालं नाही की मग कानाच्या पुढे, जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस, आणि मग चेहरा. एका वेळी एकच वस्तू आणि पुढचीपर्यंत किमान दोन आठवडे. तीन वस्तू एकदम आणल्या आणि चेहरा फुलला, तर दोष कुणाचा ते डॉक्टरही सांगू शकत नाही. छोटा पॅक मिळत असेल तर तोच घ्या.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्यावर आणि पीए+++ (यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) असलेलं बघा. तुमच्यासारख्या चुरचुरणाऱ्या त्वचेला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं बहुधा सोसतं. आपल्या सावळ्या रंगावर ते पांढरट दिसतं ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि तुमच्या काळ्या डागांना तेच हवंय. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. डागांच्या क्रीमवर हजारो रुपये घालवून सनस्क्रीन वाटाण्याएवढं लावणाऱ्यांचे डाग जात नाहीत.

चार आठवड्यांनी गाल शांत झाले की पुटकुळ्यांकडे वळायचं. तोवर नाही. तुमच्या बाबतीत मी अझेलेइक ॲसिडकडे झुकेन, कारण ते पुटकुळी आणि मागे राहणारा डाग दोन्हीवर काम करतं आणि रेटिनॉलच्या मानाने सौम्य आहे. सुरुवातीला मुंग्या आल्यासारखं वाटतं. एक दिवसाआड लावा, मॉइश्चरायझरवरून लावलं तरी चालतं. बेन्झॉइल पेरॉक्साइड लागलंच तर २.५ टक्के पुरतं. १० टक्क्यांचं जास्त गुण देतं असं नाही, जास्त जाळतं मात्र नक्की. शिवाय त्याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, तेव्हा जुने काढा. काहीही लावलंत तरी आठ ते बारा आठवडे द्या. दर पंधरवड्याला औषध बदलणाऱ्यांना गुण येत नाही आणि दोष औषधाला मिळतो. नायसिनमाइड पुन्हा हवं असेल तर दोन ते पाच टक्क्यांचं घ्या, १० टक्के अनेकांना झोंबतं.

कपाळावर, केसांच्या रेषेला एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या येत असतील, तर ते मुरूम नसूनही मुरमासारखं दिसणारं यीस्टचं दुखणं असू शकतं. मुंबईच्या पावसाळ्यात ते फार बघायला मिळतं. त्याला बुरशीचं औषध लागतं आणि मुरमांसाठीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ते उलट वाढू शकतं. रात्री डोक्याला खोबरेल तेल थापून झोपायची सवय असेल तर ती आधी मोडा. तेल लावायचंच तर अंघोळीआधी तासभर. तेच तेल उशीवरून गालाला आणि हनुवटीला लागतं.

त्रास क्रीममुळे नसून भलत्याच वस्तूमुळे आहे असंही निघतं. टिकलीच्या जागी खाज येत असेल तर टिकलीचा गोंद. कपाळाच्या कडेला आणि कानामागे येत असेल तर केसांचा काळा रंग. पापण्या सुजत असतील तर चक्क नेलपॉलिश, कारण बोटं डोळ्याला लागतात. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पाण्यावर खापर फोडू नका. भातसा, तानसा, वैतरणेचं महापालिकेचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, बादलीला पांढरा थर धरत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा चेहऱ्यापुरतं पिण्याचं पाणी वापरा.

लग्नाचं आता. ब्लीच अजिबात नाही, आणि नव्या पार्लरचं नवं फेशियल तर त्याहून नाही. आग होणाऱ्या कातडीवर वाफ, स्क्रब आणि मसाज झाला तर हळदीच्या फोटोत तुम्हीच लाल दिसाल. थ्रेडिंग करा, पण निदान चार-पाच दिवस आधी. मेकअपवालीला ट्रायल द्यायला सांगा आणि फाउंडेशन कोपरावर लावून बघा. नणंदेला मात्र हवं ते करू द्या.

आता डॉक्टर. छत्तिसाव्या वर्षी हनुवटी आणि जबड्यावर दुखऱ्या पुटकुळ्या, म्हणजे हार्मोन्सचा विचार करायलाच हवा. पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर जाड केस येतायत का, वजन अचानक वाढलंय का, डोक्यावरचे केस विरळ झालेत का, यांतलं एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पीसीओएसची (बीजांडकोश आणि हार्मोन्सशी निगडित विकाराची) तपासणी होईल आणि वरून कितीही लावलं तरी निम्मंच काम होईल. नावापुढे एमडी किंवा डीएनबी स्किन, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल (या त्वचारोगाच्या पदविका) असलेल्याकडे जा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढंच लिहिलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात गैर काही नाही. खासगी डॉक्टरची फी परवडत नसेल, तर सायन रुग्णालयात किंवा परळच्या केईएम रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, तासन्‌तास बसायची तयारी ठेवा. तिथले डॉक्टर असले चेहरे दिवसभर बघतात.

जाताना ती ट्यूब आणि कपाटातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. पोटात काय घेता तेही सांगा. शाकाहारी घरांत बी१२च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सर्रास चालू असतात आणि त्याने काहींना मुरमं येतात, हे पेशंटच्या ध्यानातच नसतं. क्षयाची औषधं, जिमवाल्यांची प्रोटीन पावडर, हेही लपवू नका. आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत बोला. रेटिनॉइडची (रेटिनॉल, ट्रेटिनॉइन त्यातलेच) क्रीमं आणि गोळ्या त्या काळात चालत नाहीत, अझेलेइक चालतं, त्यामुळे चिठ्ठीच वेगळी लिहावी लागते.